डाव्या कोपऱ्यातली दोन अक्षरं

पडदा काळा झाला तो झालाच. भाचीने कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला, केबल काढून पुन्हा खोचली, वरून एक थापही मारून पाहिली. आत पंखा गरगरत होता. पडद्यावर ठिपकाही उमटेना.

समोरच्या बाकावर घड्याळजी बसले होते. पँटचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला, शेजारी कुबड्या. भाची कृत्रिम पाय बनवायची. घड्याळजींच्या नव्या पायाचं चित्र याच कॉम्प्युटरात होतं. सकाळी घेतलेली मापं त्यात भरून पाच वाजेपर्यंत ते कापण्याच्या मशीनकडे गेलं नाही, तर पुढची पाळी तीन आठवड्यांनी. आता पावणेचार झाले होते.

कॉम्प्युटर बारा वर्षांचा. लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीवर चालायचा, पण पायाचं चित्र फिरवलं की अडखळायचा. म्हणून भाचीने दुपारी त्याच्या ग्राफिक्स कार्डासाठी, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागासाठी, कंपनीचा ड्रायव्हर टाकला, तो भाग चालवणारा प्रोग्रॅम. यादीत पाच होते. तिने सगळ्यांत मोठ्या आकड्याचा निवडला.

"मला वाटलं, नवा तो चांगला." ती फोनवर शोधत म्हणाली, "पण या आकड्यापासून कंपनीने जुनी कार्डं वाऱ्यावर सोडलीयेत. आपल्याला यादीतला शेवटचा, सगळ्यांत जुना हवा होता. आणि लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर होता ना, त्यालाही या नव्याने दाराबाहेर काढलं."

"स्वतः काम करेना, दुसऱ्याला करू देईना. आमच्या कोर्टात असे दोन कारकून होते," आत्या म्हणाली.

आत्या चावी द्यायला म्हणून आली होती आणि टेकली होती. कोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट. निवृत्त झाली त्या दिवशी तिच्या भावाने म्हटलं होतं, "आता ही बोटं संग्रहालयाला देऊन टाक." सगळे हसले होते. तीही हसली होती.

ती उठली, कीबोर्डाजवळ गेली आणि कॅप्स लॉक दाबला. कोपऱ्यात हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबला. विझला.

"ऐकतोय गं हा. नुसतं तोंड मिटलंय."

म्हणजे आत सगळं चालू आहे, हे भाचीच्या ध्यानात आलं. ती घाईने खुर्ची ओढून बसली. काळ्या पडद्यामागे कॉम्प्युटरला हुकूम लिहिण्याचं नुसतं एक पान असतं. तीन कळा एकदम दाबल्या की ते उघडतं. काय लिहायचं ते तिला ठाऊक होतं. पण कळा शोधायला मान खाली, अक्षर बघायला मान वर, आणि वर काहीच नाही. तिसऱ्या खेपेला तिने हात मागे घेतले.

"दिसल्याशिवाय मला लिहिताच येत नाही, आत्या. कुठे चुकतेय तेच कळत नाही."

"ऊठ. तू सांग, मी मारते."

आत्याने खुर्ची टेबलाजवळ घेतली. पाठ ताठ, मनगटं उचललेली. डोळे समोर, काळ्या काचेवर.

"आधी नाव," भाची म्हणाली आणि ते सांगितलं. "आता पासवर्ड." इथे ती अडली आणि तिने घड्याळजींकडे पाहिलं.

"अगं, बंद दाराआडचे खटले टाइप केलेत मी. सांग कानात."

तिने सांगितलं. आत्याची भुवई वर गेली. "इतका सोपा? चोराला अक्षता देऊन ठेवल्यास."

मग नवा ड्रायव्हर काढण्याची ओळ आली. भाची एकेक अक्षर सांगत गेली आणि आत्या ते मोठ्याने म्हणत गेली, साक्ष वाचून दाखवावी तशी. "स्पेस एकच ना? आडवी रेघ. पुढे." मध्येच ती थबकली, एक कळ मागे गेली आणि अक्षर पुन्हा मारलं.

"काय झालं?"

"करंगळी घसरली."

"पण दिसतंय कुठे तुला?"

"चूक आधी बोटाला कळते. डोळ्याला मागाहून."

एंटर. कॉम्प्युटरच्या खोक्यावरचा छोटा दिवा लुकलुकू लागला. तो थांबेपर्यंत आत्याने बोटं कळांवरून उचलली नाहीत. मग दुसरी ओळ, जुना ड्रायव्हर बसवण्याची. ती लांबलचक होती आणि भाचीचा आवाज घाईने चढत गेला.

"हळू," आत्या म्हणाली. "न्यायाधीशांनाही मी हेच सांगायचे."

दिवा पुन्हा लुकलुकला. बराच वेळ. शेवटी कॉम्प्युटर नव्याने सुरू करण्याची ओळ. पंखा थांबला, फिरला. पडदा काळाच. घड्याळजींनी कुबडी हातात घेतली.

आणि पडदा उजळला.

भाचीने पायाचं चित्र उघडून माऊसने फिरवलं. ते कुठेही न अडखळता गर्रकन फिरलं. "बाई," घड्याळजी म्हणाले, "चाळीस वर्षं मी भिंग लावून काम केलं. तुम्ही न बघता केलंत."

मापं भरून साडेचारला चित्र मशीनकडे गेलं. भाचीने एका चिठ्ठीवर ठळक लिहिलं, 'ड्रायव्हर जुनाच ठेवावा. नवा टाकू नये', खाली सही ठोकली आणि चिठ्ठी खोक्यावर चिकटवली.

आत्याने टेबलावरची पेन्सिल घेतली. वाकून तिने चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, आपली दोन आद्याक्षरं बारीक लिहिली. एकतीस वर्षं प्रत्येक निकालाच्या पानावर, टाइप करणाऱ्याची खूण म्हणून, ती तिथेच असायची. सही दुसऱ्याची, आणि सगळे वाचायचे ती सहीच.

घड्याळजी कुबड्या सावरत उठले. दाराकडे जाताना खोक्यापाशी थांबले, खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि कोपऱ्यावर वाकले.

"ही अक्षरं कुणाची?"

"माझी," आत्या म्हणाली.