नवरीमागचा मामा

शिरूरच्या मंडळात वर्षानुवर्षं गणपतीतली नाटकं बसवून झाल्यावर मल्हारनं पहिला गाण्याचा व्हिडिओ केला, तोही लग्नाचा. नवरी म्हणून सख्खी बहीण धनश्री फुकटात मिळाली. अंतरपाट धरल्यावर तिच्या पाठीशी मामा म्हणून नाटकातलाच एक मिशीवाला उभा केला. गाणं असं काही गाजलं, की पुण्याच्या एका निर्मात्यानं मल्हारला थेट पिक्चरचंच विचारलं. त्याच्या आईला, गिताबाईंना, पोराचं कौतुक कुणाला सांगू आन् कुणाला नको असं झालं.

पण दौंडहून त्यांचे थोरले भाऊ भिमाआप्पा आले ते फुरंगटूनच. पाण्याच्या तांब्यालाही हात लावेनात.

"माझ्या भाचीच्या मागं उभा हाय, तो मिशीवाला कोण?"

गिताबाई लगबगीनं पुढं झाल्या. एकुलता एक भाऊ रुसला, म्हणजे माहेरच तुटलं की!

"अवो दादा, लगीन न्हवतंच ते! तुम्हाला सोडून धनूचं लगीन लावू व्हय मी? नुसतं शूटिंग होतं."

"मामा, खऱ्या लग्नात तुम्हीच की मागं," मल्हारही पुढं होऊन म्हणाला.

"शूटिंग हाय ते कळतंय मला. खुळा समजतो का काय रं मामाला?" आप्पांनी खिशातला मोबाईल काढून भाच्याच्या नाकापुढं धरला.



"खऱ्या लग्नाला येऊन येऊन पाचशे माणसं येतील. ह्यो मामा पाच लाखांनी बघितलाय!"