सहावं बोट

"चोर भुरटा नको हं," तीता मिलाग्रोस म्हणाल्या. "चांगल्या घरचा हवा. आणि चोरलेली वस्तू शेवटी सापडायलाच हवी. नाहीतर मला आठवडाभर झोप लागत नाही."

दीड तास झाला होता. चार माणसांना पुढच्या महिन्यासाठी एक पुस्तक ठरवता येत नव्हतं. एरवी हे वाचनमंडळ तीतांच्या, म्हणजे मिलाग्रोसमावशींच्या, व्हरांड्यात बसायचं. आज इलोइलो शहरात उकाडा असा, की तीतांनी सगळ्यांना आतल्या थंडगार दिवाणखान्यात घेतलं होतं. लिवाय आपल्या लेकीला, सिनागला, घेऊन या खोलीत पहिल्यांदाच येत होती.

"आयुष्यभर कोर्टात चोरच पाहिले," अ‍ॅटर्नी फर्मिन कुरकुरले. "आता म्हातारपणी एखाद्या कलाकाराचं चरित्र वाचू द्या की."

"दोनशे पानांच्या वर गेलात तर मी वाचणार नाही. आत्ताच सांगून ठेवते," दातांच्या डॉक्टर पुरा म्हणाल्या.

"एरवी तरी कुठे वाचून येता?"

"मी इथला कुरकुरीत बिस्कोचो खायला येते, अ‍ॅटर्नी. कधी लपवलंय?"

लिवायनं चार पुस्तकं सुचवली होती. पहिलं जाड निघालं. दुसऱ्यातलं चोरीचं चित्र शेवटी जळून जात होतं. तिसऱ्यातला चोर रखवालदार होता, म्हणून तीतांनी नाक मुरडलं. चौथ्यात चोरीच नव्हती, आणि ते एकट्या फर्मिनना आवडलं, म्हणून बाकीच्या दोघींनी हाणून पाडलं. आता हातातली पेन्सिल मोडावी असं तिला वाटत होतं. पण ती हसली. हसणं भाग होतं. मंगळवारी तीतांच्या शाळेत प्रवेशासाठी सिनागची मुलाखत होती. तीस जागा आणि चारशे पोरं. तीतांनी नुसती मान हलवली तरी काम होणार होतं.

"पोरीला मोजता येतं ना गं?" मघाशीच तीतांनी विचारलं होतं.

"येतं की, तीता," लिवाय घाईनं म्हणाली होती, आणि तिनं विषय बदलला होता.

कारण सिनाग सहापर्यंत मोजायची. एका पायाची बोटं मोजायला सांगा, पाचव्यानंतर ती शेजारी फरशीवर बोट टेकवून ठसक्यात म्हणायची, "सहा!" गावाकडे लिवायच्या आजीपाशी महिनाभर राहून आली होती, त्याचा हा प्रसाद. लिवायनं समजावलं, दटावलं, गाणं रचलं. पोर ऐकेना. आणि आजीला फोन केला, तर आजी म्हणाली, "तूही तशीच शिकलीस. तुझं काय वाकडं झालं?"

"म्हणजे असं," डॉक्टर पुरा बोटं दुमडत म्हणाल्या, "लहान हवं. अ‍ॅटर्नींसाठी कलाकार हवा. मिलाग्रोससाठी चोरी हवी, आणि वस्तू सापडायला हवी. असं पुस्तक देवानंच लिहावं."

लिवायनं वळून पाहिलं. सिनाग जागेवर नव्हती.

ती कोपऱ्यात होती. तिथं सान पेद्रो या संताचा लाकडी पुतळा उभा होता. मनिलाच्या कुठल्याशा जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेला, चेहऱ्याला नवा रंग, अंगावर नवी सोनेरी झळाळी. त्याच्या पायांसमोर ऑर्किडची मोठी कुंडी होती. कुंडीमागे उकिडवी बसून सिनाग पुतळ्याच्या पायाची बोटं मोजत पुटपुटत होती, "...चार, पाच, सहा."

"सिनाग!" लिवाय धावली. नेमकं इथं, नेमकं आज! तिनं पोरीचं मनगट धरलं. "पाच गं, पाच! कितीदा सांगू?"

आणि दाखवायला म्हणून तिनं स्वतःच मोजलं.

पुन्हा मोजलं. सहा.

संताच्या डाव्या पायाची ती बोटं गुळगुळीत झिजली होती. तिच्या गावातल्या बायकांनी दीडशे वर्षं त्यांच्यावर रुमाल पुसून ते पोरांच्या कपाळाला लावले होते. होड्या बांधणाऱ्या एका सुतारानं आपल्याच भावाला समोर उभं करून हा संत कोरला होता. भावाच्या डाव्या पायाला सहा बोटं, म्हणून संतालाही सहा. गावातली पोरं त्याच पायावर मोजायला शिकत. लिवाय पाच वर्षांची असताना एका सकाळी चर्चमधला चौथरा रिकामा दिसला; संत चोरीला गेला होता. आजी त्या दिवशी रडली नव्हती. तिनं लिवायला मांडीवर घेऊन हवेतच मोजायला लावलं होतं.

"काय झालं गं?" मागून तीता म्हणाल्या. "हात लावू देऊ नकोस हं तिला. फार जुना आहे तो."

लिवाय तशीच वाकून राहिली. मंगळवार. तीस जागा. कुंडी होती तिथंच राहू दिली, तर कुणाला काही कळणार नव्हतं. सिनाग मनगट सोडवून घेत तिच्याकडे बघत होती. आता ओरडा बसणार, असं तिला वाटत होतं.

"तीता," लिवाय म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "एक पुस्तक आहे. आमच्या गावच्या जुन्या फादरांची चित्रांची वही. आजीनं जपून ठेवलीय. चाळीस पानांची असेल."

"चाळीस!" डॉक्टर पुरा खूश झाल्या.

"कलाकार आहे त्यात?" फर्मिननी विचारलं.

"आहे. त्याचा भाऊसुद्धा आहे."

"आणि चोरी?" तीता पुढे सरकल्या.

"पुढे तीही झाली."

"वस्तू सापडते ना पण शेवटी?"

लिवायनं दोन्ही हातांनी ऑर्किडची कुंडी बाजूला ओढली. फरशीवर ती कर्रकन घासली. मग तिनं सिनागला जवळ घेतलं, तिचं इवलं बोट धरून त्या झिजल्या अंगठ्यावर टेकवलं.

"मोज, बाळा," ती म्हणाली. "आजीनं शिकवलं तसंच. तीतांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं."