मुरायला ठेवलेलं कस्टर्ड

चर्चमधून आशीर्वाद घेऊन आलेली टोपली अजून कोणी उघडली नव्हती. ती टेबलाच्या एका टोकाला होती, दुसऱ्या टोकाला सिगरेटचं अर्धं पाकीट. मध्ये तिहानाने तीन तपकिरी बाटल्या मांडल्या आणि वडिलांकडे ई-सिगरेट सरकवली.

लोव्रोने उपवासकाळापुरती सिगरेट सोडली होती. क्रोएशियातल्या त्यांच्या सामोबोर गावात या काळात कोणी दारू सोडतं, कोणी मांस, कोणी गोड; ईस्टरच्या सकाळी जो तो आपलं सोडलेलं पुन्हा धरतो. लोव्रोही दरवर्षी धरायचा, म्हणूनच ते अर्धं पाकीट सांभाळून ठेवलेलं असायचं. यंदा डॉक्टरने छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, की या वेळी पुन्हा धरलीत तर पुढच्या वर्षी सोडायला तुम्ही नसाल. लोव्रोने त्याला काही कबूल केलं नाही. मुलीला मात्र म्हणाला, की बाजारातली पुदिन्याची वाफ ओढणं म्हणजे दात घासणं आहे. उभा जन्म क्रेमश्निटा नावाची पेस्ट्री करण्यात गेला, तिच्या पापुद्र्यांमधलं कस्टर्ड या हातांनी घोटलं. त्या चवीचं काही देता आलं तर दे. नाहीतर ईस्टरला मी मोकळा.

तिहानाने अर्क मागवले. उपवास सुरू होण्याआधी फाश्निकच्या उत्सवाची सोंगं रस्त्यात नाचत होती त्या आठवड्यात तिने ते ग्लिसरीनमध्ये वेगवेगळे मिसळले आणि कोठीत, पिठाच्या डब्यामागे, अंधारात मुरत ठेवले. कस्टर्डचा अर्क ताजा असताना खरं बोलत नाही. तिसऱ्याला तर तेव्हा नासक्या दुधाचा असा वास होता, की तिची आई यागोदा दार उघडून बाहेर गेली होती. लोव्रोने तीच बाटली नाकाशी धरली आणि म्हणाला, याला वासच नाही.

आता त्याने पहिल्या बाटलीचा झुरका घेतला आणि लगेच ई-सिगरेट खाली ठेवली. हे पावडरचं आहे, तो म्हणाला, इस्पितळात देतात तसलं. तिहानाने टाकी धुतली, नवा कापूस घातला, दुसरी बाटली भरली. या वेळी तो थोडा थांबला. पुन्हा ओढून पाहिलं.

"दूध खाली लागलंय," तो म्हणाला.

खिडकीपाशी यागोदा हॅमसोबत खायचं ह्रेनचं झणझणीत मूळ किसत होती. तिचा हात थांबला. वडिलांनी पुदिन्याखेरीज कशाचीही चव ओळखल्याला किती काळ झाला, हे दोघींनाही आठवेना. तिने पुन्हा टाकी धुतली. बोटं ओली असल्यामुळे कापूस नीट बसायला वेळ लागला.

तिसऱ्या बाटलीचा झुरका त्याने तोंडात धरून ठेवला.

"बलक आहे," तो म्हणाला. "भरपूर आहे. वरची साय नाही, पण बलक खरा आहे. हे कुठून आणलंस?"

"तुम्ही ज्याला वास नाही म्हणालात, ते हेच."

लोव्रोने बाटली उघडून नाकाशी नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मध्ये काहीतरी येतंय, म्हणाला. इकडे तिकडे हुंगलं आणि पाकिटाकडे बोट केलं. हे उचला इथून, याच्यामुळे नीट कळत नाही. यागोदाने पाकीट बाहेरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं आणि खिडकी लावून घेतली.

मग तो खुर्ची पुढे ओढून बसला. तिसऱ्यात सायीचा अर्क घालायचा, दुसऱ्यातला व्हॅनिला अगदी थोडा. तिहानाने सायीचे दोन अर्क पुढे केले, त्यातला गोड त्याने बाजूला सारला. तिने विचारलं, एक थेंब चॉकलेटचा टाकून बघू का.

"क्रेमश्निट्यावर चॉकलेट फासायला आपण काय झाग्रेबचे आहोत?"

"बायको झाग्रेबचीच करून आणलीस ना," यागोदा मागे न वळता म्हणाली.

"तिला चॉकलेटवरून आपल्या पिठीसाखरेवर आणायला माझी निम्मी हयात गेली," लोव्रो मुलीला म्हणाला.

तिहानाने थेंब मोजून टाकले, ग्लिसरीन ओतलं, बूच घट्ट लावलं. बाटली हलवायचं काम लोव्रोने तिच्या हातातून काढून घेतलं. बराच वेळ हलवत राहिला, मग उठून स्वतः कोठीत गेला. पिठाचा डबा सरकवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्याने बजावलं, की तिएलोव्होच्या सणाची मिरवणूक निघेपर्यंत त्या बाटलीला कोणी हात लावायचा नाही.

"ती तर जूनमध्ये निघते," तिहाना म्हणाली. "आणि तोवर?"

"तोवर ते लागलेलं दूध ओढतो. काय करणार."

यागोदाने टोपली उघडली. हॅम, रंगवलेली अंडी, पाव. लोव्रोने हॅमच्या तुकड्यावर दरवर्षीसारखं चमचाभर ह्रेन थापलं आणि घास तोंडात टाकला. क्षणभर तो तसाच बसला. मग दोन्ही हातांनी टेबल धरलं, नाक लाल झालं, डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. बोलता येईना म्हणून त्याने पाण्याकडे हात केला.

"यंदाचं ह्रेन," तो शेवटी म्हणाला, "भलतंच जहाल निघालंय."

यागोदाने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला.

"त्याच वाफ्यातलं आहे," ती म्हणाली. "दरवर्षी असंच असतं."