माळढोकाची मान

उजाडताच माळढोक माळावर आला. गळ्याची पिशवी फुगवून तो ऐटीत नाचू लागला. शैलाकाकूंनी दिवंगत नवऱ्याचा, भास्कररावांचा जुना कॅमेरा डोळ्याला लावला.

मध्येच पक्षी थबकला. मान वळवून त्याने बाजूच्या रिकाम्या खडकाकडे पाहिलं आणि मग पुन्हा नाच धरला.

"घाबरला का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू, सगळेच असं करतात," प्रयोगशाळेत हे पक्षी जन्माला घालणारी रेश्मा म्हणाली. "यांना नाच शिकवायला एकही माळढोक उरला नव्हता. मग पिल्लांना काकांनी काढलेला माळढोकाच्या नाचाचा जुना व्हिडिओ दाखवला. त्यात काका खोकतात आणि पक्षी वळून बघतो. पिल्लांना तोही नाचच वाटला."

त्या खोकल्याने व्हिडिओ वाया गेला म्हणून भास्करराव जन्मभर हळहळले होते.

"पुढच्या पिल्लांसाठी तेवढं कापून टाकू," रेश्मा म्हणाली.

"खबरदार!" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम त्या खडकावर जाऊन बसल्या. नाचता नाचता पक्षी थबकला आणि थेट त्यांच्याकडे बघू लागला, व्हिडिओतल्या पक्ष्याने भास्कररावांकडे बघितलं होतं अगदी तसं.

काकू फोटो काढायचं विसरल्या. त्यांनी त्याला हात जोडले आणि मग हळूच खोकल्या.