कुणाचं हाड

अण्णांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. डॉक्टर अनिमेष चिमटा हातात धरून तसेच थांबले.

पुढचा दात नुकताच काढला होता. आता त्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरायची. ती जबड्यात मुरली की काही महिन्यांनी स्क्रू, आणि त्यावर नवाकोरा दात. नाही भरली, तर जबडा तिथे खचणार, मग दात विसराच. आणि अण्णांना दात हवाच होता. काशीत, मणिकर्णिका घाटावर तीस वर्षं ते अंत्यविधी सांगत होते. पण दात अर्धा तुटला तेव्हापासून 'स्वधा' म्हणताना अशी काही शिट्टी वाजायची, की रडणारे यजमानसुद्धा चमकून बघायचे!

त्यांना इथवर आणायला बकुळला, त्यांच्या अकरावीतल्या मुलीला, महिना लागला होता. आणि आता ते भुकटीच्या शिशीकडे बघत होते. पातळ दूध घालणाऱ्या ग्वाल्याकडे बघायचे, अगदी तसेच.

जीभ बधिर झालेली. त्यांनी कागद ओढून लिहिलं, 'किसकी?'

"किसी ने मरने के बाद दान की है, पंडितजी. मुंबई से आती है. एकदम शुद्ध."

अण्णांची भुवई वर गेली. 'औरत या मर्द?'

"ये नहीं बताते. शीशी पर सिर्फ नंबर रहता है."

'नाम?'

"अण्णा, पुरे!" बकुळ पुटपुटली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. 'गोत्र?'

झालं! बकुळचे कान तापले. आमचे अण्णा तसले नाहीत, असं ती अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्यात छाती काढून सांगत फिरायची.

"जात विचारायचीय ना? मग सरळ विचारा की! आपल्यातल्याच कुणाचं हाड हवंय तुम्हाला? नाही मिळायचं. बसा शिट्ट्या वाजवत!"

डॉक्टर शिशीला परत झाकण लावायला निघाले. अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने, सावकाश, या वेळी मराठीत लिहिलं आणि कागद बकुळपुढे सरकवून त्यांनी आ वासला.

'माझ्या अस्थी तूच गंगेत सोडणार आहेस. त्यांत ह्या माणसाचंही हाड असेल. तेव्हा नुसतं माझंच नाव-गोत्र घेऊन कसं चालेल, बाळ?'