बारा वर्षांच्या वह्या

तिसरी वही उलटी ठेवलेली होती.

सिस्टरबाई कपाटाचं दार धरून तशाच उभ्या राहिल्या. आपल्या सात वह्या आपण कशा लावतो, हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. म्हणजे कुणीतरी हात लावला होता. आणि कपाटाची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती, नवीकडे.

दवाखान्यात येऊन तिला दोन वर्षं होत आली, तरी सगळे तिला नवीच म्हणत. पोरगी चुणचुणीत, बोलायला गोड. जरा जास्तच गोड. ऑफिसची सगळी किरकोळ कामं आपणहून अंगावर घ्यायची. फायलीला लागतं म्हणून सिस्टरबाईंचं पदवीचं प्रमाणपत्र नेलं, झेरॉक्स काढून परत आणून दिलं. नव्या ओळखपत्रासाठी त्यांचा फोटोसुद्धा तिनेच काढला. काचेवर उजेड चमकतो म्हणून चष्मा उतरवायला लावला, तेव्हा त्या कुरकुरल्या होत्या, "चष्मा काढला की मी चोरासारखी दिसते गं." महिन्याचे अहवाल आले की गठ्ठा पुढ्यात ठेवून म्हणायची, ताई, इथे, इथे आणि इथे. बाहेर पेशंटची रांग असायची. सिस्टरबाई न वाचता सह्या करायच्या.

आता मात्र त्यांना कळेना, एवढी माया कशासाठी.

वह्या वीटभट्टीच्या वस्तीच्या होत्या. परमुलखातून आलेली ती माणसं. भाषा वेगळी, कुठल्याच सरकारी यादीत नाव नाही. सिस्टरबाई बारा वर्षं तिथे पायपीट करत होत्या. त्यांची भाषा शिकल्या, बायकांच्या शिव्याही शिकल्या, आणि एकूण एक बाळंतपण लिहून ठेवलं. लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आलं की भट्टीला लागून असलेल्या घरांत बाळं दिवस भरायच्या आतच जन्मतात. हे आजवर कुणी मांडलं नव्हतं. आयुष्यात माझं म्हणावं असं त्यांच्यापाशी एवढंच होतं.

मागच्याच महिन्यात विद्यापीठाचं पत्रक आलं होतं. उपेक्षित समाजांच्या आणि एकूण जगाच्या आरोग्यावर संशोधन कसं करायचं, याचं पदवीधरांसाठी दोन वर्षांचं प्रशिक्षण. सिस्टरबाईंनी ते दोनदा वाचलं आणि चुरगाळून टोपलीत टाकलं. पंचविसाव्या वर्षी असाच एक अर्ज त्यांनी भरला होता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि अर्ज ट्रंकेतच राहिला. "आता काय, आमच्या गोवऱ्या स्मशानात गेल्या," त्या हसत म्हणाल्या होत्या. नवी हसली नव्हती. संध्याकाळी टोपलीत पत्रक दिसलं नाही.

उलट्या वहीनंतर त्यांनी तिच्यावर नजर ठेवली. आपण खोलीत शिरलो की ती कॉम्प्युटरचा पडदा बदलते, हे त्यांनी टिपलं. डॉक्टरांशी तिची कुजबुज चालायची, आणि यांना पाहताच दोघं हवापाण्यावर घसरायचे. म्हणजे डॉक्टरही सामील. एकदा मागच्या जिन्यात ती फोनवर म्हणत होती, त्यांना कळता कामा नये, कळलं तर सगळं मुसळ केरात.

आणि मग प्रिंटरच्या ट्रेमध्ये त्यांना ती पानं सापडली. दोन ते नऊ. पहिलं पान नव्हतं. वर फक्त विद्यापीठाचं नाव आणि अर्जाचा क्रमांक, तळाशी बारीक अक्षरात सूचना: या पानांवर अर्जदाराचे नाव लिहू नये.

"मी बारा वर्षे वीटभट्टीच्या वस्तीत काम करत आहे." पहिलीच ओळ. सिस्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कालची पोर, आणि म्हणे बारा वर्षे! खाली त्यांचीच घरं, त्यांचेच आकडे, ओळ न ओळ त्यांची. त्यांनी क्रमांक उतरून घेतला आणि पानं होती तशी ठेवून दिली.

दुपारी चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "कुठे अर्जबिर्ज करतेस का गं?"

नवीने कप खाली ठेवला.

"छे हो ताई. मी कशाला करू?"

तिचे कान लाल झाले होते. सिस्टरबाईंना तेवढं पुरलं.

त्याच दिवशी त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. या क्रमांकाचा अर्ज चोरीचा आहे, असं स्पष्ट लिहिलं आणि पुरावा म्हणून वहीच्या चार पानांच्या झेरॉक्स जोडल्या. स्वतःचं नाव घातलं नाही. डॉक्टर तिच्या बाजूचे, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? पत्र पेटीत टाकून आल्यावर त्यांना कितीतरी दिवसांनी नीट भूक लागली.

पुढचा महिनाभर नवी रोज पोस्टमनला गाठायची. सिस्टरबाईंना मजा वाटायची.

"कशाची एवढी वाट बघतेस गं?" त्यांनी एकदा मुद्दामच विचारलं.

"आलं की सगळ्यात आधी तुम्हालाच सांगेन, ताई."

पाकीट आलं त्या दिवशी नवी वस्तीवर गेली होती. पोस्टमनने ते सिस्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. वर त्यांचंच नाव. त्या चपापल्या. आपण तर नाव कळवलं नव्हतं. विद्यापीठवाल्यांनी शोधून काढलं असेल, आभार मानले असतील, असं म्हणत त्यांनी पाकीट फोडलं.

वर पत्र होतं. सदर क्रमांकाचा अर्ज निवड यादीत पहिला होता. मात्र त्यातली माहिती दुसऱ्याच्या नोंदींतून चोरल्याचा पुरावा मिळाल्याने तो रद्द करण्यात आला आहे. अर्जदाराला यापुढे कधीही अर्ज करता येणार नाही. मूळ अर्ज परत पाठवत आहोत.

"बरं झालं," सिस्टरबाई रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या, आणि पत्राखालचा अर्ज त्यांनी पुढे ओढला. ट्रेमध्ये नसलेलं पहिलं पान आता सगळ्यात वर होतं. खाली सही होती, घाईघाईत ठोकलेली. वरच्या कोपऱ्यात फोटो चिकटवला होता, आणि त्यातून चष्मा उतरवलेली एक बाई चोरासारखी त्यांच्याकडे बघत होती.