सोबतिणीचं रडणं

“कोण चाललं वो सासरी?” हंसाबाईनं दारातूनच विचारलं.

झोपडीतल्या बायांनी वळून पाहिलं. मधोमध रुपीबाईला निजवलं होतं. तिची सून सोनीबाई उशाशी बसून सूर धरून रडत होती. ‘याडी, तुझं अंगण सुटलं, याडी, तुझी सावली सुटली.’ सूर बरोबर होता. शब्दही चुकले नव्हते, पण ते लग्नातले होते. नवरी मांडवातून निघताना याडीच्या, आईच्या गळ्यात पडून रडते, ते. सोनीबाईला तेवढंच येत होतं. घेरदार फेटिया सोडून लुगडं नेसणाऱ्या पोरींपैकी बाकीच्यांना तेवढंही येत नव्हतं.

“माय मेली का तुही? सासू मेली ना?” हंसाबाई म्हणाली. “अन् अंगण तुहं कायले सुटते? आजपासून तं तुहंच झालं.”

एकीनं तोंडावर पदर घेतला. हसायला की रडायला, कळलं नाही.

बाहेर तिरडी बांधून तयार होती. रुपीबाईचा मुलगा रामधन सकाळच्या यष्टीनं दिग्रसच्या कापसाच्या जिनातून आला होता. ऊन कलत होतं, तरी कोणी उचला म्हणत नव्हतं. तांड्यात म्हातारं माणूस सोबतीच्या, बरोबरीच्या वयाच्या माणसानं रडून घेतल्याशिवाय उचलत नाहीत. त्याचं सगळं आयुष्य एकदा सुरात सांगून व्हावं लागतं, नाहीतर ते माणूस न सांगताच जळून जातं. रुपीबाईच्या सोबतीची एकच बाई उरली होती, आणि त्या दोघींचं होळीपासून बोलणं नव्हतं. रुपीबाईच्या बकरीनं हंसाबाईचा वाळत घातलेला फेटिया खाल्ला होता. आरशांचा, कवड्यांचा घागरा, आईच्या हातचा.

रामधननं हात जोडले. “काकी, मी बोलवाले येणारच होतो. पण तुम्ही याल का नाही...”

“बोलावल्यावर याले मी काय पावणी आहो? सरक.”

ती उशाशी बसली. सोनीबाईला कोपरानं बाजूला केलं, रुपीबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि सूर धरला. बाया सरसावून बसल्या. आता हंसाबाई तिचे गुण गाईल.

“रुपी वो, लबाड रुपी वो! लदेणीच्या लादल्या बैलांमागं चालताना लंगडत होती वो, अन् गोणीवर बसाले भेटलं की हसत होती. गोणीतलं मीठ तू चोरलं वो, मार मी खाल्ला.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

“मोहाची फुलं वेचताना इंग्रजाच्या शिपायानं टोपलं हिसकलं, तं त्याच्या हाताले चावली वो. नवऱ्याले भ्याली नाही, तांड्याच्या नायकाले भ्याली नाही. इंग्रज गेला, नागपूरचं राज्य मुंबईले गेलं, तुहं तोंड काही जाग्यावरून हाललं नाही वो.”

मग सूर खाली आला.

“रामधनाआधीची पोटची लेकरं गेली तवा कोणाच्या गळ्यात पडली नाही. माह्या दारात आली, म्हणे, चुलीतला विस्तव दे. विस्तव घेतला अन् तिथंच बसून राह्यली वो, हातातल्या खापरात तो विझून जाईपर्यंत.”

रामधन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सोनीबाई रडत होती. आता तिला ना सूर सापडत होता, ना शब्द.

“माहा फेटिया तुह्या बकरीनं खाल्ला. तू म्हणे, जुनाच तं होता. तेवढं बोलली अन् चालती झाली. शेवटचं तूच बोलली वो रुपी, आता मी उत्तर कोणाले देऊ?”

तिनं रुपीबाईचं डोकं खाली ठेवलं. “उचला,” म्हणाली.

नाल्यावरून आंघोळ करून बाया परतल्या. हंसाबाई ओल्या केसांनी आपल्या दारात बसली होती. सोनीबाई पुढून जाताना तिनं हाक मारली.

“बस इथं. आता पाळी माही. अन् माह्यासाठी रडणारी तुम्ही आताच जाळून आल्या. म्हणून सांगतो ते ध्यानात ठेव. नवरीचं रडणं रडली तं तिरडीवरून उठून थोबाडीत देईन.”

सोनीबाई बसली.

“माहा जनम वर्धा नदीच्या मुक्कामावर...”

“पैनगंगेच्या,” सोनीबाई म्हणाली.

“काय म्हणली?”

“पैनगंगेच्या. पूर होता. तुमच्या याडीनं तुम्हाले गोणीत घालून बैलावरून पार नेलं.” सोनीबाई खाली पाहूनच बोलत होती. “वर्धेकडचे नायक मोठे, म्हणून तुम्ही सगळ्याईले वर्धा सांगता. अन् मीठ तुम्ही चोरलं होतं, काकी. मार तिनं खाल्ला.”

हंसाबाईनं तिची हनुवटी धरून वर केली.

“कोणं सांगतलं तुले?”

“आमच्या म्हातारीनं. रोज जात्यावर बसली की तुमचंच सांगे. मी म्हटलं, बोलत नाही तं आठवते कायले? तं म्हणे, हंसी मेली की मलेच रडा लागन. काही राहून गेलं तं तिरडीवरून उठून भांडन ती.”

दाराजवळ रुपीबाईची बकरी येऊन उभी राहिली होती. तिला कोणी हाकललं नाही.

“अजून काय म्हणे?”

सोनीबाईनं जरा अंग चोरलं. “म्हणे, फेटिया जुनाच होता.”

हंसाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग ओढणी तोंडावर ओढून घेतली आणि सूर न धरता, शब्द न लावता, ती रडायला लागली.